एक वाट, अनेक वाटसरू : बिनतारी संदेशांच्या पाळीचा इतिहास



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावा, अशी सूचना मला करण्यात आली, तेव्हा संयोजकांच्या मनात बहुधा देवगडचे गोंड राजे किंवा नागपूरकर भोसले असावेत. त्या विषयांचा अधिकार माझ्यापेक्षा इतरांना अधिक आहे. मी आज निराळ्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यात लढाया नाहीत. भांडण मात्र आहे, आणि ते फार जुने आहे. वाट एक, जाणारे अनेक. आधी कोणी जायचे? पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या अनुभवावरून हा प्रश्न जितका स्वच्छ समजतो, तितका तो पुष्कळदा ग्रंथांवरून समजत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या समाजाने या प्रश्नाची तीन उत्तरे पूर्वीच शोधून ठेविली आहेत. पहिले उत्तर मानाचे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाईल, हे गावाने ठरविलेले असते. तेथे घाई चालत नाही. दुसरे उत्तर पाळीचे. भावाभावांत वाटलेली विहीर असली, म्हणजे संत्र्याच्या बागेला आज कोणाचे पाणी आणि उद्या कोणाचे, हे दिवसांनी किंवा घटकांनी ठरते. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांवर चालत आलेली फडपद्धती हे याच पाळीचे विस्तारलेले रूप होय. तेथे पाटाचे पाणी सर्वांचे, पण ते सोडण्याचा अधिकार गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचा. तिसरे उत्तर कसलाच नियम नसलेल्या ठिकाणचे. चार माणसे एकदम बोलू लागतात, एकमेकांचा आवाज कानी पडताच थांबतात, आणि क्षणभराने त्यांतील कोणी एक धीर करून पुन्हा सुरुवात करतो. मान, पाळी आणि धीर, या तीन शब्दांत बिनतारी संदेशवहनाचा एका शतकाहून अधिक काळाचा इतिहास सामावतो, हे मला आज दाखवावयाचे आहे.

प्रथम रुळांची गोष्ट. सौंसरचा परिचय बाहेरच्या जगाला पुष्कळ वर्षे झाला तो नागपूर–छिंदवाडा या अरुंद मापाच्या रेल्वेमुळे. अडीच फूट रुंदीचा तो एकेरी मार्ग २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्या जागी मोठ्या मापाचा मार्ग आला. एकेरी मार्गाची अडचण अशी, की दोन स्थानकांमधील रुळांवर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर त्यांतील कोणाला बाजूला होता येत नाही. १८७४ मध्ये इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प येथे नेमके हेच घडले. तारेने दिलेल्या संदेशाचा घोटाळा झाला, दोन्ही बाजूंनी गाड्या सोडल्या गेल्या आणि पंचवीसहून कमी नाहीत इतकी माणसे प्राणास मुकली. त्या आघातातूनच एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेने जोडलेल्या यंत्रांची पद्धती काढली. दोन स्थानकांवरील यंत्रे परस्परांशी अशी बांधलेली, की दोहोंतून मिळून एका वेळी एकच खूणचकती बाहेर पडावी. ती चकती ज्या चालकाच्या हाती, मार्ग त्याचा. आपल्या देशात हीच कल्पना नील यांच्या गोळ्याच्या रूपाने रुजली. वेताच्या वा लोखंडी कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत ठेवलेला तो धातूचा गोळा धावत्या गाडीच्या चालकाने झेलताना या सभेतील वयोवृद्धांपैकी अनेकांनी कोठे ना कोठे पाहिला असेल.

या गोळ्याचे तत्त्वज्ञान नीट ध्यानी घ्यावे. मार्गावर कोणी आहे की नाही, हे चालकाने डोळ्यांनी पाहावयाचे नाही. वळणापलीकडचे त्याला दिसतच नाही. त्याने केवळ हातातला गोळा पाहावयाचा. ज्याच्याजवळ परवाना तो जाईल, इतरांनी थांबावे. ही व्यवस्था अत्यंत सुरक्षित आहे. परंतु तिला दोन गोष्टी लागतात : प्रत्येक टोकाला जागा माणूस, आणि त्या दोघांना जोडणारी तार. तारच नसेल तर काय करावयाचे?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कलकत्त्यात बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग करून दाखविले, आणि लौकरच मार्कोनीच्या खटपटीमुळे जहाजे एकमेकांशी बोलू लागली. समुद्रावर तार नाही, स्थानक नाही, गोळा नाही; आहे ती एक सामाईक हवा. त्या हवेत जो मोठ्याने बोलेल तो ऐकू येईल आणि जवळचा दूरच्याला बुडवील. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’चा बिनतारी अधिकारी प्रवाशांच्या खासगी तारा किनाऱ्यावरील केंद्राकडे धाडण्यात गुंतला होता. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फाची सूचना देण्यासाठी मध्येच तोंड घातले. ते जहाज जवळ, म्हणून त्याचा आवाज कर्कश. ‘टायटॅनिक’ने त्याला गप्प बसण्यास सांगितले. ‘कॅलिफोर्नियन’चा अधिकारी थोड्या वेळाने यंत्र बंद करून निजला, आणि त्यानंतर काही मिनिटांतच ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले. दोष एकट्या त्या अधिकाऱ्याचा होता, असे मी म्हणणार नाही. सामाईक वाहिनीवर कोणी, केव्हा, कोणासाठी थांबावे, याचा पक्का रिवाजच तोवर पडला नव्हता.

तो पुढे पडला, आणि त्यातील एक नियम मला विशेष सुंदर वाटतो. संकटकाळच्या ५०० किलोहर्ट्झ या वाहिनीवर दर तासाला दोन वेळा, पंधरा मिनिटे झाल्यावर आणि पंचेचाळीस मिनिटे झाल्यावर, तीन-तीन मिनिटे सर्व जहाजांनी मौन पाळावे, असे ठरले. जहाजांवरील बिनतारी खोलीच्या घड्याळात तो भाग तांबड्या रंगाने दाखविलेला असे. बोलण्यासाठी पाळी ठरविण्याची रीत सर्वत्र आहे. ऐकण्यासाठी पाळी ठरविणारा हा नियम आगळाच म्हणावा लागेल. दुबळ्या यंत्राचा क्षीण आक्रोश इतरांच्या गजबजाटात बुडू नये, एवढाच त्याचा हेतू होता. नवी उपग्रहाधारित व्यवस्था १९९९ मध्ये सर्वत्र लागू होईपर्यंत ही मौनाची प्रथा टिकली.

जमिनीवर मात्र राज्यकर्त्यांनी सोपा मार्ग पत्करला. प्रत्येक केंद्राला स्वतंत्र वाहिनी नेमून द्यावयाची आणि तीवर दुसऱ्याला बंदी करावयाची. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली, ती याच पद्धतीने. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. परंतु त्या सीमेने नागपूरच्या लहरी काही अडविल्या नाहीत, हे आपण सर्व जाणतो. ही मानाची पद्धत होय. जे केंद्र दिवसभर बोलते, त्याला ती योग्य. पण ज्याला दिवसातून चारच वाक्ये बोलावयाची आहेत, अशा शंभर माणसांना शंभर वाहिन्या कोठून आणावयाच्या? आणि एकच वाहिनी सर्वांना दिली, तर त्यांच्यात पाटकरी कोण?

यावर पाटकऱ्यावाचून चालणारे उत्तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर मिळाले. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ नावाची बिनतारी संगणकजोडणी चालू केली. तिची रीत ऐकून प्रथम हसू येते. ज्याला संदेश पाठवावयाचा असेल, त्याने कोणालाही न विचारता तो लहानशा पाकिटाच्या रूपाने सोडून द्यावा. मुख्य केंद्राकडून पोच आली तर उत्तम. न आल्यास आपले पाकीट दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर आदळले असे समजावे, आणि काही काळ थांबून पुन्हा पाठवावे. येथे मर्म एवढेच, की हा थांबण्याचा काळ प्रत्येकाने स्वैरपणे, जणू चिठ्ठी काढून ठरवावा. दोघेही सारखेच थांबले, तर ते पुन्हा एकदमच उठतील आणि पुन्हा आदळतील.

गणित केल्यावर असे दिसले, की या स्वैर पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास भागच कामी येतो. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडून, पाकीट फक्त तुकड्याच्या आरंभीच सोडावे, अशी सुधारणा सुचविली. त्यामुळे हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के झाले. उरलेली वाहिनी टकरींत आणि रिकामपणात जाते. गोळ्याच्या शिस्तीत वाढलेल्या कोणाही स्थानकाधिकाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. परंतु तिच्या मोबदल्यात मिळाले ते फार मोलाचे होते. कोणाच्याही परवानगीवाचून नवा माणूस त्या मंडळीत येऊन बसू शकत होता.

पुढची पायरी साहजिक होती : बोलण्यापूर्वी ऐकावे. वाहिनीवर कोणी बोलत असेल तर थांबावे. लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी १९७५ मध्ये या पद्धतीचे गणित मांडले आणि त्याच वेळी तिच्यातील एक खोल दोषही दाखविला. तो आपल्या भूगोलात समजावून घेऊ. पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधल्या एखाद्या उंच टेकडीवरील गावात एक बिनतारी यंत्र आहे, असे समजा. पांढुर्ण्याचा आवाज टेकडीपर्यंत पोहोचतो, सौंसरचाही पोहोचतो. पण टेकडी आड येत असल्याने पांढुर्ण्याला सौंसर ऐकू येत नाही. दोघेही सज्जन आहेत. दोघेही बोलण्यापूर्वी कान देतात. दोघांनाही शांतता ऐकू येते, दोघेही बोलू लागतात आणि टेकडीवरच्या माणसाला केवळ कोलाहल मिळतो. याला लपलेल्या केंद्राचा प्रश्न म्हणतात. याचा अर्थ असा, की सद्वर्तन पुरेसे नाही. जो मला ऐकू येत नाही, त्याचेही माझ्यामुळे नुकसान होऊ शकते.

अलोहात निदान एक मुख्य केंद्र होते. त्याच दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असे जाळे आरंभिले, ज्यात कोणी मुख्य असण्याची गरजच नव्हती. यंत्रे गाडीत घालून हिंडवावीत, जी जवळ येतील त्यांनी आपसात जुळावे आणि एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे न्यावा. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील एका चालत्या गाडीतून निघालेली पाकिटे तीन निरनिराळ्या जाळ्यांतून फिरून यशस्वीपणे पोहोचली. अशा आयत्या वेळी जमलेल्या जाळ्यात लपलेल्या केंद्राचा प्रश्न पावलोपावली उभा राहतो.

त्यावरचा तोडगा एका हौशी बिनतारी चालकाने सुचविला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. फिल कार्न यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना अशी : मोठा संदेश पाठविण्यापूर्वी एक छोटे पाकीट पाठवून विचारावे, ‘बोलू का?’ ज्याला ऐकावयाचे आहे त्याने तितकेच छोटे उत्तर द्यावे, ‘बोल, इतका वेळ लागेल.’ हे उत्तर टेकडीवरून निघते, म्हणून ते सौंसरलाही ऐकू येते आणि सौंसर तेवढा वेळ गप्प राहते. बोलणाऱ्याच्या भोवती नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या भोवती शांतता हवी, हे त्यातले तत्त्व. थॉर्पनंतरचा गोळा येथे शब्दरूपाने परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच, की तो देणारा कोणी नेमलेला अधिकारी नसून स्वतः ऐकणाराच आहे.

तरीही एक अन्याय उरला. टक्कर झाली की प्रत्येकाने आपला थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि यश मिळाले की तो पुन्हा कमीत कमी करावा, असा नियम रूढ होता. वरवर तो समतेचा दिसतो. पण ज्याची एकदा फजिती झाली, तो अधिक थांबतो. तेवढ्यात यशस्वी झालेला पुन्हा वाहिनी बळकावतो. मागे पडलेला आणखी मागे पडतो. १९९४ मध्ये वडुवूर भार्गवन आणि त्यांचे तीन सहकारी यांनी यावर उपाय मांडला. प्रत्येक पाकिटावर, मी किती थांबतो आहे, हे लिहावे. ऐकणाऱ्यांनी तोच आकडा स्वतःसाठी घ्यावा. म्हणजे गर्दीचा भार एकावर न पडता सर्वांवर सारखा पडेल. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियमसंच ठरला, आणि ज्याचे वंशज आज वायफाय या नावाने घरोघरी आहेत, त्याने ‘बोलू का’ ही विचारणा स्वीकारली, पण ऐच्छिक ठेवली. थांबण्याचा काळ दुप्पट करण्याची रीतही त्याने कायम ठेविली. एकमेकांचा भार वाटून घेण्याची सूचना मात्र त्यात आली नाही. सोय आणि न्याय यांच्या ओढाताणीत सोय पुढे गेली, असा माझा या घटनेचा अर्थ आहे.

हा सारा इतिहास परदेशातला आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा हौशी बिनतारी चालक तेथे निरोपांच्या कामाला धावले. अशा प्रसंगी त्यांचा रिवाज असा असतो, की एका केंद्राने नियंत्रण पत्करावे, इतरांनी नाव पुकारल्यावरच बोलावे, आणि तातडीचा निरोप असणाऱ्याला मध्ये बोलण्याची मुभा असावी. पाटकरी आला, पाळी आली आणि संकटात सापडलेल्याचा मानही आला. यंत्रांना जे शिकविण्यास वीस-पंचवीस वर्षे लागली, ते तोंडी रिवाजाने तेथे चालत होते.

दुसरे उदाहरण आपल्या खेड्यांचे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत दूरसंचार खात्याने देशभर ग्रामपंचायतींतून जे सार्वजनिक दूरध्वनी बसविले, त्यांतील पुष्कळसे सामाईक बिनतारी पद्धतीचे होते. दोन वाहिन्या आणि पंधरा गावे, अशी त्यातील एक प्रचलित रचना होती. दोन गावे बोलत असतील, तर उरलेल्या तेरांनी वाट पाहावयाची. येथे प्रत्येकाने कमी बोलावे असा नियम नव्हता. जो आधी उचलील त्याची वाहिनी. आजारी माणसासाठी गाडी मागविणारा आणि संत्र्याचा नागपूरचा भाव विचारणारा, दोघेही यंत्राला सारखेच होते. यंत्रे वारंवार बिघडत, म्हणून ही पद्धत २००० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आली. पण तिने उभा केलेला प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. वायफायची यंत्रे स्वस्त झाल्यावर त्यांनीच दूरची खेडी जोडावीत, या कल्पनेने कानपूरच्या आय.आय.टी.त भास्करन रामन, कामेश्वरी चेब्रोलू आदींनी प्रयोग केले. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात परवान्यावाचून खुला झाला, त्यामुळे अशा कामाला वाव मिळाला. परंतु हे नियम खोलीपुरते रचलेले होते. वायफायच्या जुन्या प्रकारात बोलण्याच्या संधीचा एक तुकडा २० मायक्रोसेकंदांचा असे. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. म्हणजे एका तुकड्यात ६ किलोमीटर. पांढुर्णा ते सौंसर सरळ रेषेत अंतर पंचवीस-तीस किलोमीटर धरले, तर आवाज पोहोचण्यासच सुमारे ९० मायक्रोसेकंद लागतील. कान देऊन शांतता ऐकावी, तोवर पलीकडचा केव्हाच बोलू लागलेला असेल! म्हणून या संशोधकांनी २००५ मध्ये स्वैर पद्धत सोडून पुन्हा पाळी आणली. एका केंद्राचे सर्व दुवे एकदम बोलतील आणि मग एकदम ऐकतील, अशी ती दुहेरी पाळी होती. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्या वापरून खेडी जोडण्याचा प्रयोग केला. ज्याला मानाने वाहिनी मिळालेली आहे, पण जो ती वापरीत नाही, त्याच्या मोकळ्या जागेतून इतरांना वाट द्यावी, ही त्यामागची दृष्टी.

या इतिहासातून काही निष्कर्ष काढावयाचे झाल्यास मी इतकेच म्हणेन. मान, पाळी आणि धीर यांपैकी कोणतीही एक रीत सर्वकाळ श्रेष्ठ ठरलेली नाही. गर्दी थोडी व माणसे अनोळखी असतील, तेथे धीर उत्तम. गर्दी वाढली वा अंतर वाढले, की पाळी लागते. प्राणांवर बेतले, की मान द्यावाच लागतो. या तिन्हींच्या मुळाशी मात्र एक प्रश्न कायम असतो, आणि तो यंत्रांच्या रचनाकाराला टाळता येत नाही : नियमाने एकूण काम किती झाले, एवढेच पाहावयाचे, की सर्वांत मागे राहिलेल्याला किती थांबावे लागले, हेही मोजावयाचे? सरासरी चांगली असूनही एखादे गाव दिवसभर मुके राहू शकते.

दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या कडेवर वसलेल्या या मुलखाला हे वेगळे सांगावयास नको. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तोवर जिल्ह्याच्या कचेरीसाठी छिंदवाड्याचा घाट चढणे, हा येथील अनेक पिढ्यांचा अनुभव होता. केंद्रापासून दूर असणाऱ्याचा आवाज क्षीण पोहोचतो, हा केवळ लहरींचा नियम नाही. या शाळेतून विज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी उद्या अशा जाळ्यांचे नियम लिहावयास बसेल. त्याने गणित तर करावेच. पण पाळी ठरविताना टेकडीआड लपलेले, स्वतःला ऐकू न येणारे केंद्र आधी मोजावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.